हमीदाबाईची झगेवाली

आमच्या गल्लीत कोणी फार फुशारक्या मारायला लागलं की हमीदाबाई गळ्यातला टेप काढायची आणि त्याच्या तोंडासमोर धरायची. "ढिलं होऊन राह्यलं तुह्यं बोलनं. एक टीप मारू का?" समोरचा गप्प. मग तो गावचा पुढारी असो नाहीतर माझा नवरा. माझ्या नवऱ्याला तर तिने इतक्या टिपा मारल्या की एव्हाना त्याचं बोलणं अंगाला घट्ट बसायला पाहिजे होतं. पण तो नग काही सुधारला नाही.

मी वंदना. माहेर चिमूरकडचं, सोयाबीनवालं. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन नागभीडला आले, ती हमीदाबाईच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात. तिच्या दुसऱ्या भिंतीला पार्वताबाईचं घर. मधे हमीदाबाई एकटी, तिची शिवणमशीन, आणि मागे सांदवाडी. सांदवाडी म्हणजे आमच्याकडे घरामागे भाजीपाल्यापुरती राखलेली जागा. चार खाटा टाकल्या तर भरून जाईल एवढीच. पण त्या एवढ्याशा जागेसाठी हमीदाबाई जितकी भांडली तितकं लोक शेताच्या बांधासाठीही भांडत नाहीत.

बाई बुटकी, वाळकी. जन्मभर मशीनवर वाकून उजवा खांदा जरा खाली उतरलेला. ओठांत कायम दोन-तीन टाचण्या, आणि त्या न काढता ती बोलायची, त्यामुळे शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून बाहेर यायचे. फार महत्त्वाचं काही सांगायचं असलं तरच टाचण्या काढायची. तिने टाचण्या काढल्या की मी समजून घ्यायची, आता आपलं काही खरं नाही.

लग्नानंतर पहिलं ब्लाउज मी तिच्याकडेच टाकलं. जांभळं, काठाचं. घ्यायला गेले तर ब्लाउजबरोबर तिने त्याच कापडाची एक इवलीशी पिशवी हातावर ठेवली, चारी बाजूंनी शिवून बंद केलेली. बाकीचे टेलर उरलेली कातरण स्वतःकडे ठेवून घेतात. ही तिची पिशवी शिवून ज्याची त्याला परत करायची, आणि आत बी.

"हे काय वो बाई?"

"झगेवालीचं बी हाये. लाव."

मी नवी नवरी, नाकाचा शेंडा वर. म्हटलं, "बाई, आमचं तर स्वतःचंच कृषी केंद्र आहे. बियाणं आम्ही विकतो."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हव का? मंग तं तुले बियाची काहीच माहिती नसन."

लाज वाटून मी घरी आले आणि ती पिशवी कुठेतरी फेकून दिली. हे आज सांगताना जीभ अडखळते, पण दिली फेकून.

झगेवाली म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्याकडे टमाटराला भेदरं म्हणतात. तसंच गोल, पण पिकलं तरी हिरवंच राहणारं एक फळ. त्याच्या अंगावर कागदासारखं पातळ टरफल असतं, देठापासून खाली चुण्या पडलेलं. शेतात तण म्हणून उगवते ती चिरबोटी सगळ्यांना माहीत आहे. तिची ही मोठी, परदेशी बहीण समजा. हमीदाबाई टेलर, तिला ते टरफल म्हणजे झगाच दिसला. फळ तोडायचं की नाही तेही ती शिवणाच्या भाषेत ठरवायची. दोन बोटांत धरून दाबायची. "झगा ढिला हाये, पोरगी लहान हाये, राहू दे." चार दिवसांनी, "आता बसला बरोबर." आणि फळ मोठं होऊन टरफल खालून फाटलं, की, "शिलाई उसवली. तोड!"

तोडून, झगा काढून धुवायचं, कारण फळाच्या अंगाला चिकट असतं. मग तव्यावर लसूण-मिरचीसोबत काळं पडेस्तोवर भाजायचं, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, घालून पाट्यावर वाटायचं. काय चटणी व्हायची ती! आंबट, जळकी, नाकात जाणारी. ज्वारीच्या भाकरीवर घेऊन मी तिच्या ओसरीवर उभ्यानेच खायची.

हे बी तिला भावाने दिलं होतं. रशीद तिचा धाकटा भाऊ, दुबईला एका मोठ्या हॉटेलात बावर्ची. तिथे त्याच्या बाजूच्या चुलीवर मेक्सिकोचा एक बावर्ची होता. त्याच्याकडून रशीदने चिमूटभर बी घेतलं आणि एका सुट्टीत बामच्या रिकाम्या डबीत घालून बहिणीला आणून दिलं. नाव सांगितलं टोमॅटिलो. "असं नाव राहते का कुठी," म्हणून हमीदाबाईने ते नाव जागच्या जागी रद्द केलं.

पहिल्या वर्षी पावसाने सगळी रोपं वाहून नेली, एकच जगलं. छातीएवढं वाढलं. पिवळ्या फुलांनी भरून गेलं. पण फुलं यायची नि गळायची, फळ म्हणून धरेना. महिनाभर हे पाहून पार्वताबाई भिंतीवरून म्हणाली, "हमीदे, वांझ झाड हाये ते. उपट अन् वांगं लाव."

आता हा शब्द कोणत्या घरात टाकला, ते ऐका. हमीदाबाईच्या लग्नाला सात वर्षं होऊन मूल झालं नाही, तेव्हा नवऱ्याने हाच शब्द तिच्या तोंडावर मारला होता आणि ब्रह्मपुरीला दुसरा संसार मांडला होता. त्या दुसरीलाही काही झालं नाही. हे सगळ्या नागभीडला माहीत होतं. पण शब्द हमीदाबाईलाच चिकटून राहिला, त्याला कोणी काही म्हटलं नाही. बारशाला, डोहाळजेवणाला लोक तिच्याकडून कपडे शिवून घ्यायचे आणि आमंत्रण द्यायला विसरायचे. मला हे आठवलं तरी अजून डोकं फिरतं.

"पार्वते," हमीदाबाई म्हणाली, "तो शब्द या भिंतीच्या इकडे पुन्हा पडला, तं भिंत वाढवीन मी."

शब्द पुन्हा पडला नाही, पण हमीदाबाई तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विटा आणल्या, स्वतः माती कालवली आणि भिंतीवर दोन थर चढवले. ते दोन थर आजही वेगळे दिसतात, जरा वाकडे, कारण टेलरला गवंडीकाम कुठून येणार. झाड काही तिने उपटलं नाही. वाळून आपोआप पडेपर्यंत पाणी घातलं त्याला. आणि रशीदला फोन करून सांगितलं, जा, विचार त्या मेक्सिकोवाल्याला.

रशीदने विचारून सांगितलं, आपा, याची दोन झाडं पाहिजेत. एकट्याला फळ धरत नाही. एकाच्या फुलातला पिवळा भुगा माश्यांनी दुसऱ्याच्या फुलात नेला तरच फळ.

ही गोष्ट तिने मला नाही म्हटलं तरी पन्नासदा सांगितली असेल. दर वेळी शेवटी ओठांतल्या टाचण्या काढायची. "झाड वांझ नव्हतं वं वंदना. एकटं होतं."

डबीत थोडंसं बी उरलं होतं. पुढच्या वर्षी तिने ते सगळं लावलं आणि पाच झाडं उभी केली. फळं इतकी लागली की फांद्या पार्वताबाईच्या भिंतीवरून पलीकडे लोंबायला लागल्या. रशीदला मात्र ती फळं पाहायला मिळाली नाहीत. तिकडेच छातीत कळ येऊन गेला. मातीही तिकडेच झाली. हमीदाबाईजवळ त्याचं म्हणून राहिलं ते हे बी.

तेव्हापासून हमीदाबाई आणि पार्वताबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण गप्पही बसत नव्हत्या. दोघी माझ्याशी बोलायच्या, एकमेकींना ऐकू जाईल अशा आवाजात. "वंदना, काही लोकाईच्या कोंबड्या लय मोकाट सुटल्या वं." पलीकडून, "वंदना, काही लोकाईले कोंबडी अन् मोर एकच दिसते!" मी बिचारी दोन भिंतींपलीकडे भांडी घासत असायची.

आणि आमच्या दुकानातली गंमत. एकदा ती आली आणि भेंडीच्या पुडीवर बोट ठेवून माझ्या नवऱ्याला म्हणाली, "संजू, या बियाची भेंडी झाली, तिचं बी म्या धरलं, तं पुढच्या साली अशीच येईन का?"

"नाई बाई, हायब्रीड हाये. बी धरून जमत नाई. दरसाल नवीन पुडी घ्या लागते."

"म्हनजे वावर माह्यं, पानी माह्यं, कंबर माह्यी, अन् बाळंतपन दरसाल तुह्या दुकानात?"

दुकानातली गिऱ्हाईकं पोट धरून हसली. त्या दिवसापासून हमीदाबाई रस्त्याने येताना दिसली की माझा नवरा फवारणीच्या बाटल्या पुसायला लागायचा.

बी धरायची तिची रीत मी पुढे तिच्या शेजारी बसून शिकले. बियाची फळं शिलाई उसवली तरी तोडायची नाहीत. झगा वाळून पिवळा पडेपर्यंत, फळ आपणहून खाली गळेपर्यंत थांबायचं. मग गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घेऊन ती हाताने कुस्करायची. गर वर तरंगतो, भरीव बी तळाशी बसतं. वरचं ओतून द्यायचं, पुन्हा पाणी, पुन्हा ओतायचं. मग स्टीलच्या ताटात पसरून सावलीत वाळवायचं. कागदावर कधीच नाही, बी चिकटून बसतं. आणि एकाच झाडाचं बी धरायचं नाही, सगळ्या झाडांचं थोडं थोडं घ्यायचं. वाळलं की पिशवीत घालून वरून शिवण. मी म्हटलं, बाई, गाठ मारा ना, सोपं जाईल. "गाठ सुटते. टीप सुटत नाई."

आता माझा पराक्रम ऐका.

तीन वर्षांमागच्या हिवाळ्यात जंगलाकडून काळ्या तोंडाची वानरं गावात शिरली. हमीदाबाईच्या सांदवाडीत पंधरा-वीस उतरली. ती कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन धावली, डबे वाजवले, शिव्या दिल्या, पण त्यांनी भिंतीवर बसून एकेका फळाचा झगा सोलला आणि सगळी फळं खाल्ली. बियाची ठेवलेली सुद्धा. "झगे काढून खाल्ले वं हरामखोरांनी," ती सांगत होती. घरात एकच जुनी पिशवी राहिली होती, कोण जाणे किती वर्षांची. पोळ्यानंतर तिने ते सगळं बी टाकलं. दोन रोपं आली. दोनच.

दोन म्हणजे पुरेशी. दोन म्हणजे जोडी. तिने एकाला काडीचा आधार दिला. दुसरं बांधाजवळ होतं, बुटकं, त्याला द्यायचा राहिला, कारण तेवढ्यात तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. डॉक्टरने वाकायला बंदी केली. पाणी घालायचं काम मी मागून घेतलं.

पाणीच घालायचं होतं. पण मी सोयाबीनवाल्याची पोरगी. आईच्या मागे निंदायला गेले तेव्हा मला धड शाळेचं दप्तर उचलत नव्हतं. चिरबोटी दिसली की माझा हात मला विचारत नाही, तो जातो आणि मुळासकट उपटून आणतो. बांधाजवळ मला ती दिसली. तीच पानं, तसंच खोड. म्हटलं, बाईच्या वाफ्यात तण माजलंय, तिला बरं वाटेल. उपटली आणि उकिरड्यावर फेकली. वर हात झटकत घरी आले, मोठं पुण्य केल्यासारखी.

सहा दिवसांनी हमीदाबाई काळा चष्मा लावून सांदवाडीत आली. उभी राहिली.

"वंदना, दुसरी कुठी हाये?"

"कोणती दुसरी?"

तिने बांधाकडे बोट केलं. मी उकिरड्यावर धावले. ऑक्टोबरचं ऊन, रोपाची वाळून काडी झाली होती. ती तिच्यापुढे धरून मी म्हटलं, "बाई, चिरबोटी समजून..."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ती काडी हातात घेतली, दोन बोटांनी चाचपली. "हात तुह्या मायनं शिकवलेला हाये. त्याचा काय कसूर." एवढं बोलून आत गेली. आठ दिवस मशीनचा आवाज आला नाही.

उरलेलं झाड फुललं. ऐन बहरात. फुलं यायची नि गळायची, पुन्हा तेच, पहिल्या वर्षासारखं. माझा नवरा भला माणूस, म्हणाला, "बाई, आजकाल सगळं ऑनलाईन मिळते. मागवून देतो."

"मागव ना. टोमॅटिलो मिळन तुले. रशीदचं मिळन का?"

नवऱ्याने मोबाईल खिशात घातला.

मग मी चप्पल घातली आणि अख्खं नागभीड पालथं घातलं. जिने जिने हमीदाबाईकडून ब्लाउज शिवून घेतलं तिच्या दारात गेले. बाई, ती पिशवी आहे का? काय काय ऐकावं लागलं! एकीने पिशवीत लवंगा ठेवल्या होत्या. एकीने बी उंदरांनी खाल्लं म्हणून सांगितलं. एकीने ती नजर लागू नये म्हणून लेकराच्या गळ्यात बांधली होती आणि मग हरवली. एक म्हणाली, "आम्हाले वाटलं ते कापराचं हाये." जिथे तिथे माझ्याच जांभळ्या पिशवीचे भाऊबंद. कोणाला बोलू? पहिली फेकणारी मी.

तिसऱ्या दिवशी थकून परत येत होते, तर पार्वताबाई दारात उभी. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "चाल माह्यासंग."

मला घेऊन ती गावाबाहेर तिच्या धानाच्या शेतावर गेली. तिथे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, पळसाच्या आड, चार झगेवाल्या उभ्या. काड्यांचा आधार दिलेल्या, फुलांनी पिवळ्याधमक, खालच्या फांद्यांना झगे लोंबलेले.

"म्या चोरल्या नाई," पार्वताबाई पदर सावरत म्हणाली. "भिंतीवरून फळं पडली होती इकडे. सात-आठ साल झाले. घरी लावल्या असत्या तं तिले दिसल्या असत्या. कोनाले सांगजो नोको."

मी कशाची थांबते. सरळ हमीदाबाईकडे. "बाई, आहे! रशीदभाऊचं बी आहे! पार्वताबाईच्या धुऱ्यावर चार झाडं!"

हमीदाबाई मशीनला तेल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मले माहीत हाये. सात सालापासून दर हिवाळ्यात तिच्या चुलीतून जळक्या लसनाचा अन् झगेवालीचा वास येते. नाक हाये मले."

"मग बोलला का नाही? मी तीन दिवस वणवण फिरले! आता जाऊ आणि फांदी घेऊन येऊ. नाहीतर तिच्याच फळांचं बी धरू. बी वाचलं ना बाई!"

आता तिने टाचण्या काढल्या.

"बी वाचलं, हव. पन हे झाड?" तिने मागे बोट केलं. "हे माह्या आंगनातलं झाड वांझ म्हनून वाळन, अन् मी तिच्या दारात फूल मागाले जाऊ? कोनाच्या? जिनं तो शब्द टाकला तिच्या? नाई जात. मले एकटं ठेवलं अन् मलेच वांझ म्हनलं सगळ्यांनी, तवा भी मी कोनाच्या दारात गेली नाई. तिनं तो शब्द उचलून न्यावा. मंग पाहू."

मी म्हटलं, अहो बाई, पंधरा वर्षं झाली! पण हिच्यापुढे कोणाचं चाललंय. मी रागाने पाय आपटत घरी आले. खरं सांगते, तेव्हा मला ती हट्टी म्हातारी वाटली. फुलं चार दिवसांत संपतील आणि ही शब्दाला धरून बसलीय.

पार्वताबाई काय ऐकत होती आणि काय नाही, ते मला माहीत नाही. भिंत दोन थरांनी उंच होती, पण आवाज काही थांबत नसावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हमीदाबाईच्या सांदवाडीच्या फाटकाशी आली. हातात पितळेचा लोटा, लोट्यात पाणी, पाण्यात झगेवालीच्या फुललेल्या तीन फांद्या. मी आवाज ऐकून धावत गेले. दोघी फाटकाच्या दोन बाजूंना, मधे माझ्याशिवाय कोणी नाही. आणि या वेळी दोघींपैकी एकीनेही माझं नाव घेतलं नाही.

पार्वताबाई लोट्याकडे पाहत म्हणाली, "झाड वांझ नव्हतं."

हमीदाबाईने काळा चष्मा काढला. "अन् मी?"

पार्वताबाईचा चेहरा असा झाला की मला बघवेना. पदर तोंडाशी गेला. "तू भी नव्हती वं हमीदे," ती म्हणाली. "आमाले सगळ्याइले माहीत होतं. त्याच्यातच खोट होती. आमी तोंड उघडलं नाई."

हमीदाबाईने फाटकाची कडी काढली. "आन तो लोटा इकडे."

शिवणमशीन साफ करायचा छोटा ब्रश असतो ना, तो तिने आणला. पार्वताबाईने फांदी धरली. हमीदाबाईने तिच्या फुलात ब्रश फिरवला आणि मग तोच आपल्या झाडाच्या एकेका फुलात. नव्या डोळ्यांचं हे तिचं पहिलं बारीक काम. सलग तीन सकाळी हेच. पार्वताबाई रोज ताज्या फांद्या आणायची. एकदा पार्वताबाई म्हणाली, वरचे दोन थर काढून टाकू का? "राहू दे," हमीदाबाई म्हणाली, "वानरं येते."

दहाएक दिवसांनी एका वाळलेल्या फुलामागे इवलासा हिरवा झगा दिसला. हमीदाबाईने गळ्यातला टेप काढून त्याला लावला. "वंदना, माप घे." मी कुठलं माप घेते, डोळे इतके भरले होते की टेपवरचे आकडे दिसेनात. त्या झाडाला नऊ फळं लागली. गल्लीतल्या प्रत्येक बाईला तिने हात धरून नेऊन ती दाखवली. जिने बारशाला बोलावलं नव्हतं तिलाही.

माघात तिचं पोट दुखायला लागलं. अन्न जाईना, अंगावरचा झगाच ढिला होत चालला. नागपूरहून रशीदचा मुलगा इमरान गाडी घेऊन आला, फूफीला मोठ्या दवाखान्यात न्यायला. इकडे बियाची फळं नुकतीच गळली होती, बी धुऊन ताटात पसरलेलं. हमीदाबाई म्हणाली, वाळल्याशिवाय मी हालत नाई.

इमरान वैतागला. मोठा नोकरीवाला माणूस, रजा काढून आलेला. "फूफी, बियासाठी कोणी थांबते का?"

"तुह्या बापाचं हाये."

तो जोडे काढून ओसरीवर बसला. तीन दिवस बसला. दिवसातून दहादा ताट सावलीत सरकवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी हमीदाबाईने मला आणि पार्वताबाईला बोलावलं. पेटीतून तिने तिच्या लग्नाची लाल ओढणी काढली होती, गोट्याची, म्हणजे जरीच्या किनारीची. कधी कोणाला दाखवली नव्हती ती. आमच्या देखत तिने कात्री लावली. पार्वताबाई "अवं अवं" करत राहिली. "तीस-पस्तीस साल पेटीत पडून होती," हमीदाबाई म्हणाली, "कशाच्या कामाची?" मशीनवर बसून दोन पिशव्या शिवल्या. बी अर्धं अर्धं केलं, वरून टीप मारली. एक माझ्या हातावर ठेवली, एक पार्वताबाईच्या. दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

ती नागपूरहून परत आली नाही. तिच्या घराला कुलूप आहे, पण फाटकाची किल्ली इमरानने माझ्याकडे दिली आहे. पोळ्यानंतर मी आणि पार्वताबाई तिथे झगेवाली लावतो, मोजून सहा. मी आमच्या दुकानात गल्ल्याजवळ एक टोपली ठेवली आहे, त्यात कातरणीच्या पिशव्या. हायब्रीडची पुडी घ्यायला येणाऱ्या बाईच्या हातात मी त्यातली एक कोंबते, पैसे घेत नाही. नवरा कुरकुरला होता. म्हटलं, टीप मारू का?

पण मला ती दिसते ती त्याच सकाळची. इमरानने तिला गाडीत मागे बसवलं. गाडी गल्लीतून निघाली, पानठेल्याजवळच्या वळणावर पोहोचली, आणि तिने काच खाली करून हात बाहेर काढला. वाळकी, टाचण्यांनी टोचलेली दोन बोटं, वर उभी. पानठेल्यावरचे लोक हसले, टेलरबाई निवडणूक जिंकून चालली का काय म्हणून. हात तसाच वर, गाडी वळली तरी.

"हव बाई, दोन! दोन ठेवतो!" मी रस्त्यावर ओरडले. आणि पार्वताबाई माझ्यापेक्षा जोरात ओरडली.